खिशात एक फोन, फोनमध्ये दोन राज्यं

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात कुणाला मोबाइल नंबर मागितला, तर अजूनही उलट प्रश्न येऊ शकतो, ‘‘कोणता देऊ, इथला का नागपूरचा?’’ मागणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही, सांगणाऱ्यालाही नाही. फोन एकच, सिम दोन. एक मध्य प्रदेश सर्कलचं, दुसरं महाराष्ट्राचं.

दोन सिमचा फोन ही जगभरची गोष्ट, पण सगळीकडे सारखी नाही. भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, नायजेरिया, घाना, ब्राझील इथे तो घरोघरी पोचला. अमेरिकेत आणि जपानात मात्र कित्येक वर्षं तो दुकानात सहसा दिसतही नसे. असं का, याची उत्तरं गेल्या वीसेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी, फोन बनवणाऱ्यांनी आणि नियामकांनी आपापल्या परीनं दिली. ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मराठी मुलूख ती पडताळून पाहायला सोयीचा आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक कारण इथे कधी ना कधी लागू पडलेलं आहे.

सर्कलची रेघ

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती. त्या दिवशी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी भागही. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कागदोपत्री कारभार भोपाळकडे गेला, तरी दवाखाना, कॉलेज, संत्र्याची बाजारपेठ आणि सोयरीक यांची दिशा पुष्कळशी नागपूर, काटोल, नरखेड, वरूडकडेच राहिली.

लँडलाइनच्या काळात याचा फारसा जाच नव्हता. जुन्या एसटीडी कोडनी तर राज्याची सीमा मानलेलीच दिसत नाही. नागपूर ०७१२, वर्धा ०७१५२, छिंदवाडा ०७१६२, सगळे एकाच घराण्यातले. मोबाइल आला तेव्हा मात्र परवाने सर्कलनुसार वाटले गेले आणि सर्कल आखली गेली राज्यांच्या हद्दी धरून. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा हे एक ‘अ’ वर्गाचं सर्कल. आजच्या छत्तीसगडसह मध्य प्रदेश हे ‘ब’ वर्गाचं. परिणामी पांढुर्णा आणि बस्तरमधलं जगदलपूर एका सर्कलमध्ये आले, आणि नागपूरकडे जाताना रेल्वेनं पुढचं मोठं स्टेशन असलेलं नरखेड परमुलखात गेलं.

त्या काळात सर्कल ओलांडलं की रोमिंग लागायचं, म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे. सीमेलगतच्या गावांत तर ओलांडावंही लागत नसे. माणूस आपल्याच शेतात उभा असे, फोन पलीकडचा टॉवर पकडायचा, ‘महाराष्ट्रात आपलं स्वागत’ असा मेसेज यायचा आणि पैसे कटायचे. जाणती पोरं सेटिंगमध्ये शिरून नेटवर्क ‘मॅन्युअल’ करून देत. मग टॉवर तुटला की फोन मुका.

पण रोमिंग ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी सहसा सांगितली जात नाही. नागपूरच्या व्यापाऱ्यानं मध्य प्रदेशच्या नंबरवर फोन लावला तर त्याला एसटीडी पडायची. आंबिया बहाराच्या तोंडावर संत्र्याच्या बागेचा सौदा ठरवताना दिवसातून चार फोन व्हायचे, आणि ज्याला फोन करणं महाग पडतं त्याला व्यापारी कमी फोन करतो. म्हणून बागवान महाराष्ट्राचं सिम घ्यायचा. स्वतःचे पैसे वाचतील हा हिशेब त्यात होताच, पण त्याहून मोठा हिशेब समोरच्याचे वाचतील हा होता. लेक नरखेड-काटोलला दिली असेल तर तिच्यासाठीही तेच. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलनं देशभर एका रुपयात बोलण्याची योजना आणली आणि एसटीडीची धार बोथट होऊ लागली. तोवर दोन नंबरांची सवय अंगवळणी पडली होती.

फोन अजून एका सिमचाच होता. दुसरं सिम पाकिटात, डायरीत किंवा फोनच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असायचं. सावनेरच्या वाटेवर सीमा आली की मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, सिम बदलायचं. घड्याळाची तारीख पुन्हा लावावी लागायची.

दुसरी खाच

एका फोनमध्ये दोन सिम बसवण्याची कल्पना भारतातली नाही आणि चीनमधलीही नाही. फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीनं २००० च्या सुमारास असा फोन काढला होता. त्यात एका वेळी एकच सिम चालायचं. कामाचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवणारा युरोपीय नोकरदार हा त्याचा गिऱ्हाईक. तो फोन फार चालला नाही. २००७ मध्ये सॅमसंगनं दोन्ही सिम एकाच वेळी जागी ठेवणारा फोन आणला, पण तो महागाचा होता.

खेड्यापर्यंत दोन सिम पोचवले ते तैवानच्या मीडियाटेकच्या चिपनं आणि शेन्झेनच्या कारखान्यांनी. चिपबरोबर सगळा आराखडा आयता मिळायचा, त्यामुळे कोणालाही फोन जोडता येई. युक्ती अशी, की रेडिओ एकच ठेवायचा आणि त्यानं आळीपाळीनं दोन्ही सिमकडे कान द्यायचा. एकावर बोलणं सुरू झालं की दुसरं गप्प. त्या नंबरवर फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. दोन रेडिओ घातले तर ही अडचण जाते, पण किंमत वाढते आणि बॅटरीही जास्त जाते. गिऱ्हाइकानं स्वस्त तेच पत्करलं.

सुरुवातीच्या कित्येक चिनी फोनांना फोनची ओळख सांगणारा आयएमईआय नंबरच नसे, किंवा हजारो फोनांना एकच असे. सरकारनं २००९ अखेर असे फोन बंद करायला लावले, तेव्हा दुकानांतून पैसे घेऊन फोनमध्ये नंबर ‘भरून’ देण्याचा अधिकृत कार्यक्रमही चालला. त्याच सुमारास मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, स्पाइस या भारतीय नावांनी तसेच फोन बिलासकट, वॉरंटीसकट विकायला सुरुवात केली. नोकियाला मात्र दोन सिमचं मर्म उशिरा कळलं. भारतात सगळ्यांत मोठा वाटा तिचा असताना तिचे दोन सिमचे फोन २०१०-११ मध्ये कुठे आले, तोवर खालचा बाजार हातचा निसटू लागला होता.

दराचं उत्तर

लोक दोन सिम का ठेवतात, याचं सर्वांत जास्त मांडलं गेलेलं उत्तर दराचं आहे. कंपनी आपल्याच गिऱ्हाइकाशी बोलणं स्वस्त ठेवते, बाहेरचं महाग. फोन दुसऱ्या कंपनीत जाऊन संपला की तिला जोडणी-शुल्क द्यावं लागतं, हे त्यामागचं एक कारण. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ-जाक लाफाँ, पॅट्रिक रे आणि पुढे नोबेल मिळालेले ज्याँ तिरोल यांनी १९९८ मध्येच या दुजाभावाचं गणित मांडलं होतं. अशा बाजारात गिऱ्हाइकाला आपले लोक ज्या कंपनीत आहेत तीच कंपनी धरणं भाग पडतं. आपले लोक दोन कंपन्यांत विभागलेले असतील तर दोन सिम.

ब्राझीलचा दाखला या बाजूनं नेहमी दिला जातो. तिथे तीन-चार सिमचे फोनही विकले जात. नियामकानं जोडणी-शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरवलं, आणि २०१५ मध्ये २८ कोटींच्या पुढे गेलेली जोडण्यांची संख्या नंतर कित्येक कोटींनी घटली. त्याच वर्षांत तिथे मंदीही होती, त्यामुळे सगळं श्रेय शुल्काला देता येत नाही, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

भारतात २००८ च्या नव्या परवान्यांनंतर एकेका सर्कलमध्ये कंपन्यांची दाटी झाली. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि दरयुद्ध पेटलं. या दिवसांत सिम फुकट किंवा फुकटासारखं मिळे, वर बोलायचे पैसे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले आणि गर्दी ओसरली. जोडणी-शुल्क २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे होतं. २०१५ मध्ये १४ झालं, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

रोमिंगचा शेवट याहून लख्ख आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते रोमिंग न लावताच. एअरटेलनं १ एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंग काढून टाकलं. योगायोग पाहा, त्याच वर्षी १५ जूनला युरोपीय संघानं आपल्या देशांमधलं रोमिंग संपवलं आणि १ सप्टेंबरला चीननं प्रांतांमधलं. त्यातही जुलै २०१५ पासून नंबर न बदलता दुसऱ्या सर्कलमध्ये जायची सोय झालेली होती. दराचं उत्तर पुरेसं असतं, तर २०१७ नंतर पांढुर्ण्यातलं नागपूरचं सिम हळूहळू कालबाह्य व्हायला हवं होतं. तसं झालेलं दिसत नाही.

दरवादी यावर म्हणतात, की दर अजून सारखे झालेले नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली. जिओच्या पहिल्या काळात हे खरंच होतं: डेटा जिओचा, जुना नंबर दुसऱ्या खाचेत. एका अर्थी जिओ देशभर शिरलं ते या दुसऱ्या खाचेतून. कुणाला आपला नंबर सोडावा लागला नाही.

टॉवरचं उत्तर

दुसरं उत्तर साधं आहे आणि सीमेवरच्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. एका कंपनीचं नेटवर्क सगळीकडे मिळत नाही. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. डोंगर आडवे आले की लहरी अडतात, आणि कोणाचा टॉवर कोणत्या धारेवर आहे त्यावर बोलणं अवलंबून राहतं. ‘टॉवर नाही भेटून राहिला’ हे वाक्य या भागात रोजचं. बागेत मोटरीला जोडलेला मोबाइल स्टार्टर असेल तर त्यातल्या सिमला जिथे नेटवर्क मिळतं तीच कंपनी घ्यावी लागते, मग घरातला फोन कोणत्याही कंपनीचा असो.

आफ्रिकेतल्या देशांबद्दल लिहिणारे हेच कारण पुढे करतात, आणि तिथे त्याला पैशाचाही पदर आहे. केनियात सफारीकॉमची एम-पेसा सेवा २००७ मध्ये सुरू झाली. पैसे पाठवायला तिचं सिम हवं, आणि स्वस्त बोलण्यासाठी दुसरं चालतं.

या उत्तराची मर्यादा अशी, की नेटवर्क सुधारलं तर दुसरं सिम जायला हवं. २०२२ मध्ये केंद्रानं २४,६८० वंचित गावांत फोर-जी पोचवण्याची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी सुरू झालं. यानं दोन सिमची गरज घटेल का? उलटही घडू शकतं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर त्या एका महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख गिऱ्हाइकं जास्त मिळाली. स्वस्त सरकारी सिमला नेटवर्क चांगलं मिळालं तर ते दुसऱ्या खाचेत बसायला आणखी लायक ठरतं.

दुकानदाराचं उत्तर

तिसरा पक्ष म्हणतो, लोक काय मागतात याच्या आधी काय विकलं जातं ते पाहा. अमेरिकेत फोन कंपनीकडूनच हप्त्यानं मिळे, तिच्याच जाळ्याला कुलूपबंद असे. स्पर्धकाचं सिम घालायला दुसरी खाच ती का देईल? जपाननं फोनला सिमचं कुलूप घालण्यावर २०२१ मध्ये कुठे बंदी आणली. भारतात फोन रोख पैशानं वेगळा घेतला जातो आणि सिम वेगळं, तेही बहुतेक प्रीपेड. त्यामुळे फोन बनवणाऱ्याला कंपनीची मर्जी सांभाळावी लागली नाही. ॲपलनं २०१८ मध्ये पहिल्यांदा दोन नंबरांची सोय दिली तेव्हा बाकी जगासाठी एक सिम आणि एक ई-सिम, पण चीनसाठी चक्क दोन सिमची खाच ठेवली; २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आयफोनमधून खाचच काढून टाकली.

हे उत्तर देशादेशांतला फरक चांगला उलगडतं, पण खाच रिकामी का राहत नाही हे सांगत नाही. आज भारतात एका सिमचा स्मार्टफोन शोधावा लागतो. अनेक स्वस्त फोनांत तर दुसऱ्या खाचेत सिम तरी बसतं नाहीतर मेमरी कार्ड तरी. म्हणजे दुसरं सिम ठेवणारा फोटो-गाण्यांची जागा सोडून ते ठेवतो. ही निवड आहे, नुसती सवय नव्हे.

नंबर म्हणजे कागद

माझ्या मते गेल्या सात-आठ वर्षांत सर्वांत वजनदार ठरलेलं कारण याहून वेगळं आहे, आणि त्याची चर्चा उशिरा सुरू झाली. नंबर आता बोलण्यापुरता उरलेला नाही. सौंसरचा मुलगा शिकायला नागपूरला जातो, तिथल्या बँकेत खातं उघडतो, तिथलं सिम देतो. परत आला तरी ओटीपी त्या नंबरवर येतो. यूपीआयचं ॲप तर फोनमधल्या त्याच सिमवरून मेसेज पाठवून खात्री करतं. सिम फोनमध्ये असावंच लागतं. घरच्या नंबरवर मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, धान्याचं कार्ड, आधार. एक सिम काढायचं म्हटलं तर आधार केंद्र, बँक, गॅस एजन्सी अशा सगळ्या रांगा पुन्हा लावाव्या लागतात. रोमिंगच्या भीतीनं घेतलेलं सिम आता केवायसीच्या भीतीनं टिकून आहे.

यातच एक पदर बायकांच्या फोनचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. मध्य प्रदेशात ३८.५ टक्के. २०२३ मध्ये तिथे बायकांसाठीची लाडली बहना योजना आली तेव्हा समग्र-आधारच्या जुळणीसाठी नंबर हवा होता. ज्या घरात फोन एकच, तिथे दुसरी खाच बायकोच्या नावाच्या सिमची होऊ शकते. त्या सिमवर येणारा ओटीपी प्रत्यक्षात कुणाच्या हातात पडतो? दोन सिम म्हणजे सुबत्ता असं मानणाऱ्या अभ्यासात हा प्रश्न बसत नाही. इथे दोन सिम म्हणजे दोन माणसांत एक फोन.

किती सिम पुरे?

कारणांवरचा वाद इथे धोरणाच्या वादाला मिळतो. कंपन्यांचं म्हणणं, नुसतं ‘इनकमिंग’साठी ठेवलेलं सिम जाळ्याचा खर्च वाढवतं, पैसा देत नाही. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी २८ दिवसांचं किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं ते यासाठीच. जुलै २०२४ मध्ये एअरटेल आणि व्हीआयचं तेच किमान रिचार्ज १९९ रुपयांवर गेलं. २८ दिवसांच्या हिशेबानं वर्षात तेरा रिचार्ज होतात, म्हणजे एका सिमला अडीच हजारांच्या वर. केवळ ओटीपीसाठी एवढे पैसे मोजणं संत्र्याच्या पडत्या वर्षात कुणालाही जड जातं.

ग्राहकांची बाजू घेणारे म्हणतात, की नंबर ही आता सरकारनंच मागितलेली वस्तू आहे, मग ती चालू ठेवण्याचा खर्च आवाक्यात हवा. दूरसंचार नियामक ट्रायचा २०१३ चा नियम असा, की प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तरच तो बंद करता येतो, आणि खात्यात २० रुपये असतील तर तेवढे कापून मुदत वाढते. पण नंबर जिवंत असणं वेगळं आणि त्यावर फोन-मेसेज येत राहणं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं डेटाविना, फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे प्लॅन द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. प्लॅन आले, ते पुरेसे स्वस्त आहेत का, यावर मतभेद कायम आहेत.

तिसरी बाजू सुरक्षेची. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा) ही मर्यादा आहे; २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं ती मोडणाऱ्याला दंड ठरवला. फसवणुकीत दुसऱ्याच्या नावावरची सिम सर्रास सापडतात, हे तपासयंत्रणांचं म्हणणं खोटं नाही. जून २०२४ मध्ये ट्रायनं नंबरांच्या नियोजनावर सल्लामसलतीचा मसुदा काढला, तेव्हा जास्त सिम ठेवणाऱ्याला पैसे पडणार अशा बातम्या आल्या आणि ट्रायला काही दिवसांतच त्या नाकाराव्या लागल्या. प्रस्ताव नव्हताच, पण बातमीनं उठलेली खळबळ पाहता दुसरं सिम किती घरांत किती खोल रुतलं आहे याचा अंदाज येतो.

मोजणीची अडचण

ट्राय दर महिन्याला जोडण्यांचे आकडे सर्कलनुसार देते. आकडा सिमचा असतो, माणसांचा नाही. म्हणूनच शहरांतली दूरसंचार घनता शंभर माणसांमागे शंभराच्या पुढे जाते. पांढुर्ण्यात राहणाऱ्याचं नागपूरचं सिम महाराष्ट्राच्या रकान्यात पडतं आणि मध्य प्रदेशाची घनता तेवढी कमी दिसते. सर्कलखाली, तहसिलीपर्यंत हे आकडे उतरतच नाहीत. त्यामुळे सीमेवरच्या भागात खरोखर फोन कमी आहेत की नुसते दुसऱ्या राज्यात मोजले गेले, हे त्या तक्त्यावरून ठरवता येत नाही, आणि कोणत्या गावाला टॉवर हवा हे ठरवताना हीच गफलत पुढे चालते.

कंपन्यांकडची माहितीही अर्धवट आहे. दोन खाचांच्या फोनला दोन आयएमईआय असतात, एकेका सिमला एकेक. एअरटेलला आपल्या खाचेतला नंबर दिसतो, शेजारच्या खाचेत जिओ आहे की बीएसएनएल हे तिच्या नोंदीत नसतं. सगळ्या आयएमईआयची मध्यवर्ती नोंद २०२३ पासून देशभर सुरू झाली, ती चोरीचे फोन अडवण्यासाठी. ती माहिती नावगाव झाकून अभ्यासाला खुली झाली, तर दर, टॉवर, दुकान आणि कागद या चार कारणांचं वजन पहिल्यांदा नीट तोलता येईल. ती खुली करणं गोपनीयतेच्या दृष्टीनं योग्य आहे का, हा वाद मात्र त्याआधी मिटवावा लागेल.